कार्तिकात ऐकू आलेला बॉयलर

बॉयलर बसला श्रावणात आणि तक्रार आली कार्तिकात. मधले तीन महिने तो रोज पहाटे पाचला पेटत होता, पण कोणी चकार शब्द काढला नव्हता. दिवाळीनंतर मात्र एकाच घरातली दोन बिऱ्हाडे एकमेकांशी बोलेनाशी झाली. बॉयलर तोच, वेळ तीच, भिंतही तीच. मग तीन महिने आवाज गेला होता कुठे? या प्रश्नापासून मी सुरुवात केली. बाकीचे सगळे त्याच्या मागोमाग आले.

घर वेंगुर्ले तालुक्यातले, समुद्रापासून दीडेक कोस आत. चिऱ्याचे, कौलारू, शंभरी गाठलेले. आजोबांच्या पश्चात दोन मुलांत वाटणी झाली आणि माजघराच्या मधोमध भिंत चढली. आता उत्तरेच्या भागात थोरला चुलतभाऊ राहतो, त्याला सगळी वाडी दादा म्हणते. दक्षिणेच्या भागात धाकटा, त्याची बायको, दोन शाळकरी मुले आणि आई, म्हणजे दादाची काकी. काकीचे वय ऐंशीच्या पुढे. तिची खाट वाटणीच्या भिंतीपासून जेमतेम चार हातांवर.

दादाचा काजूचा कारखाना मागीलदारी आहे. कारखाना म्हणायचे म्हणून म्हणायचे. पत्र्याची शेड, दोन कुकर, आठ कटर, एक बोरमा, म्हणजे गर वाळवायची भट्टी, आणि सोलायला बसणाऱ्या वाडीतल्या दहाबारा बायका. सिंधुदुर्गात असे घराला चिकटलेले कारखाने गावोगावी दिसतील. काजूची बी कडक असते आणि तिच्या टरफलात तेल असते, ते हाताला लागले की कातडी सोलते. म्हणून बी आधी वाफवतात, रात्रभर गार होऊ देतात, मग फोडतात. वाफेसाठी बॉयलर लागतो. २५ लिटरपेक्षा मोठा आणि चौरस सेंटिमीटरला एक किलोहून जास्त दाबाचा बॉयलर सरकारी तपासणीखाली येतो. दादाचा ‘बेबी बॉयलर’ रीतसर कागदपत्रांचा, तासाला १०० किलो वाफेचा.

आधीचा बॉयलर लाकडावर चाले आणि त्यात काजूची टरफलेही जात. टरफल फुकटचे आणि जळतेही झकास, कारण त्यात तेल असते. पण त्याच तेलाचा धूर डोळ्यांत मिरची घातल्यासारखा झोंबतो. वारा दक्षिणेला फिरला की तो धाकट्याच्या अंगणात उतरायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडत, आणि मुलांचे शाळेचे सदरे दोनदा धुवावे लागत. अखेर धाकट्याच्या बायकोने एकदा सगळ्यांसमोर सुनावले आणि दादाने ते मनावर घेतले. मध्ये त्याने ‘पांढऱ्या कोळशा’चाही विचार केला. भुसा किंवा शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या लाकडासारख्या कांड्यांना आपल्याकडे हे नाव पडले आहे. त्या घाटावरून ट्रकने येतात आणि पावसाळ्यात ओल लागली की भुगा होतात. शेवटी कर्ज काढून त्याने डिझेलवरचा नवा बॉयलर घेतला. धूर बंद झाला आणि सदरे पांढरे राहू लागले. पुढे कार्तिक उजाडला.

मला बोलावले ते मी बोटीवर होतो म्हणून. छत्तीस वर्षे इंजिनरूममध्ये काढली, त्यामुळे वाडीत मी ‘चीफ’. कुणाचा मिक्सर बिघडला तरी चीफ. दादाने मला शेडमध्ये नेले, बॉयलर चालू करून दाखवला आणि विचारले, “चीफ, तुमीच सांगा, ह्येचो आवाज जास्त काय लाकडाच्याचो?”

प्रश्न सरळ वाटतो. उत्तरही सरळ दिले असते, तर मी दहा मिनिटांत घरी गेलो असतो: डिझेलचा जास्त. पण ते उत्तर अर्धे आहे, आणि ते अर्धे आहे हे मला १९८६ पासून माहीत आहे.

त्या वर्षी परीक्षेसाठी मी इंग्लंडात साउथ शील्ड्सला होतो. आपल्याकडचे बरेच मरीन इंजिनियर तेव्हा तिथे जात. गाव समुद्रकाठचे, आणि गावातच वेस्टोची कोळशाची खाण, जी पुढे १९९३ साली बंद झाली. माझी घरमालकीण एका खाणकामगाराची विधवा. खाणकामगारांच्या घरांना सवलतीचा कोळसा मिळे, त्यामुळे तिच्याकडे घर तापवायला कोळशाची शेगडी आणि तिच्या पाठीला पाण्याचा बॉयलर. पंखा नाही, मोटार नाही. धुराडे हवा ओढणार आणि कोळसा धुमसणार. रात्री त्या शेगडीचा आवाज येतच नसे. फार तर नळ्या तापताना-निवताना एखादा ‘टण्’. सकाळी मात्र बाई खाली उतरून जाळी हलवत. लोखंडावर लोखंड, खडाड् खडाड्. मग राखेचे घमेले, मग कोळशाची बादली. तेवढी दहा मिनिटे अख्खे घर जागे व्हायचे.

शेजारच्या घरात रॉकेलवर चालणारा बॉयलर होता. त्याला माणूस लागत नसे. घर जरा गार झाले की तो आपला आपण पेटे आणि पुरेसे तापले की विझे. रात्री दोनलाही, चारलाही. पंखा फिरल्याची घरघर, मग ‘भप्प’, मग घुमणे, मग शांतता. अभ्यासाला जागताना मी त्याच्या पेटण्याच्या वेळा मोजायचो. तिकडे घराघरांत असे दोन्ही प्रकार होते, आणि कुणाचा आवाज जास्त यावर दोन्ही बाजूंची माणसे हिरिरीने भांडू शकत. दोघांचेही बरोबर असे. एक जण सकाळच्या खडखडाटाबद्दल बोलत असे, दुसरा रात्रीच्या घुमण्याबद्दल.

कोळसा शांत, हेही पंखा नसेपर्यंतच खरे. अमेरिकेत पेनसिल्व्हानियात अँथ्रासाइट कोळशाचे आपोआप कोळसा सरकवणारे घरगुती बॉयलर आहेत, पोलंडमध्येही तसले भरपूर. त्यांना हवा फुंकायला ब्लोअर आणि कोळसा ढकलायला गिअरची मोटार असते. इंधन कोळसाच, पण रात्री गुणगुणत राहणार. इंग्लंडात आता घरगुती दगडी कोळसा विकायलाच मे २०२३ पासून बंदी आहे, त्यामुळे तिथला हा वाद बहुधा संपला असेल. आवाज इंधनाचा नसतो, हवा कशी पोचवता त्याचा असतो, एवढे मी तिथून घेऊन आलो होतो.

तेल नुसते ओतून पेटत नाही. पंप त्याला दहा-बारा किलोच्या दाबाने नोझलच्या बारीक भोकातून ढकलतो, त्याचा फवारा होतो आणि त्या फवाऱ्यात हवा घुसवावी लागते. एक लिटर डिझेल नीट जळायला साधारण दहा घनमीटर हवा लागते, म्हणजे एका लहान खोलीतल्या हवेचा तिसरा हिस्सा. धुराड्याच्या नैसर्गिक ओढीवर ती वेळेत पोचत नाही. म्हणून मिनिटाला २८०० फेऱ्यांचा ब्लोअर. शिवाय ज्योत ही धगीसारखी पसरून जळत नाही, ती भट्टीच्या बंद नळीत फुरफुरते, आणि नळी व धुराडे मिळून तो आवाज एखाद्या पिपाणीसारखा घुमवतात. लाकडाच्या बॉयलरमध्ये यातले काहीच नाही. होती ती फक्त माणसे.

ही माणसे मोजायला हवीत. दादाचा जुना बॉयलर चालवायला वाडीतलाच एक गडी पहाटे साडेचारला यायचा. ओंडके फोडायचा, भट्टीचे दार आपटायचा, लोखंडी सळईने निखारे उकरायचा, खोकायचा, मोबाइलवर भजने लावायचा. महिन्यातून एकदा लाकडाची ट्रॉली रिकामी व्हायची तेव्हा धरणीकंप. बारा महिन्यांचा हिशोब केला तर तो बॉयलरही काही मौनी नव्हता. त्याचे दार आपटले की मीटरभरावर डिझेलच्या बर्नरपेक्षा मोठा आवाज व्हायचा, याबद्दल मला शंका नाही.

मी हे काकीला सांगितले. ती म्हणाली, “तो काय आवाज? तो आमचो माणूस. लाकडां फुटत, ता आयकान झोप येय.”

तिच्या सुनेने आतून विचारले, “आणि तेवा कपडे कोण धुयत होता?”

काकी गप्प झाली. या घरात डिझेलविरुद्ध लाकूड हा वाद दोन बिऱ्हाडांत नव्हता, एकाच बिऱ्हाडातल्या दोन बायकांत होता. दादाला त्याची कल्पनाच नव्हती. त्याला वाटत होते की समोरचे सगळे मिळून आपल्याविरुद्ध उठले आहेत.

डिसेंबरातल्या एका रात्री मी काकीच्या खोलीत चटई टाकून झोपलो. झोपलो म्हणजे जागा राहिलो. मोबाइलमध्ये आवाज मोजायचे ॲप होते. ते काही प्रयोगशाळेचे यंत्र नव्हे. पण एकाच मोबाइलने, एकाच जागी, एकाच पद्धतीने मोजले तर दोन आकड्यांमधला फरक कामापुरता खरा निघतो.

पहाटे साडेचारला खोलीत ३६ डेसिबल. रातकिडे आणि काकीचा श्वास, एवढेच. पाचला बॉयलर सुरू झाला आणि आकडा ४९ वर गेला. म्हणजे तेरा डेसिबल वर. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे हा दुपटीहून जास्त. रहिवासी भागासाठी सरकारी नियमात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नियमातला आकडा मोकळ्या हवेतला, माझा बंद खोलीतला. त्या कागदाने दादाला धाक घालता आला असता, पण त्याने झोप आली नसती.

खरा बोलका आकडा दुसराच होता. शेडमध्ये बर्नरपासून एक मीटरवर मला ७८ मिळाले होते. अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. काकीची खाट बर्नरपासून बारा मीटर, म्हणजे मध्ये काहीच नसते तरी ५६ पर्यंत उतरायला हवा. आणि मध्ये तर चिऱ्याची दीड फुटी भिंत. अशी जाड भिंत सहज चाळीसेक डेसिबल खाते. हिशोबाने काकीला बॉयलर ऐकूच यायला नको होता. येत होता तो ४९. भिंतीने जेमतेम सात डेसिबल खाल्ले होते, एवढे तर गोणपाटही खाते.

मी उठलो, बॅटरी घेतली आणि वर पाहिले. वाटणीची भिंत आढ्यापर्यंत गेलेलीच नव्हती. वाटणीच्या वेळी खर्च वाचवायला ती पाटणीपर्यंत, म्हणजे माळ्यापर्यंत चढवली आणि सोडून दिली. वर छप्पर मात्र एकच. तेच आढे, तेच वासे, तीच कौले दोन्ही घरांवर. शेडचे छप्पर मागच्या बाजूने याच छपराखाली शिरलेले. आवाज भिंतीतून येतच नव्हता. तो माळ्यावरून आरामात चालत येत होता, आजोबांच्या काळी मांजरे जायची त्या वाटेने.

मग श्रावणात का नाही आला? तेव्हाही वाट हीच होती. याचे उत्तर कौलांवर होते. कोकणातला पाऊस ज्याने छपराखाली ऐकला आहे त्याला समजवायची गरज नाही. कौलांवर सर कोसळत असते आणि शेडच्या पत्र्यावर तर समोरचा माणूस काय बोलतो तेही कळत नाही. सरी थांबल्या तर बेडूक, आणि बेडूक थांबले तर दीड कोसावरून समुद्राची गाज. पावसाळ्यात इथली रात्र शांत नसतेच. दोन आवाजांत दहा डेसिबलचा फरक पडला की लहान आवाज मोठ्यात विरघळून जातो. बॉयलर तीन महिने पावसाखाली दडून बसला होता. पाऊस गेला, गाज मंदावली आणि तो उघडा पडला. त्यात थंडीचे दिवस. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, तेव्हा दूर जाणारा आवाज वर निसटण्याऐवजी पुन्हा खाली वळतो. म्हणून मार्गशीर्षात लांबच्या देवळातली काकडआरती शेजारी चालल्यासारखी ऐकू येते. वाडीतल्या आणखी दोन घरांना याच दिवसांत बॉयलर ऐकू येऊ लागला होता, तो यामुळे.

दादाचे ‘श्रावणात कसो चलला?’ हे म्हणणे, आणि काकी कुणाच्यातरी शिकवण्यावरून बोलते हा त्याचा संशय, दोन्ही मला खोडता आले ते या हिशोबाने. काकी खोटे बोलत नव्हती. तिला खरेच आधी ऐकू येत नव्हते.

पहाटे पाच ते सहा मी आणखी एक गोष्ट केली. वहीत रेघा ओढल्या. बॉयलर दर वेळी पेटला की एक रेघ. तासाभरात चौदा झाल्या.

काकीने मला आवाजांची नावे सांगितली होती: आधी ‘घूं’, मग ‘टक्क’, मग ‘भक्क’, मग पुन्हा घूं, आणि मध्येच केव्हातरी ‘फुस्स’. बॉयलरच्या पुस्तकात याहून चांगले वर्णन नसते. घूं म्हणजे ब्लोअर, जो पेटण्याआधी भट्टीतली जुनी हवा झाडून काढतो. टक्क म्हणजे तेलाचा व्हॉल्व्ह उघडल्याचा. भक्क म्हणजे फवाऱ्याने पेट घेतल्याचा. फुस्स म्हणजे कुकर उघडण्याआधी वाफ सोडतात तो. मी विचारले, यातला सगळ्यांत वाईट कोणता? मला वाटले ती फुस्स म्हणेल, कारण मीटरवर तोच सगळ्यांत मोठा होता. ती म्हणाली, “आवाज मोठो नाय रे. पण तो बंद झालो की मी पुढच्याची वाट बघीत रवतंय.”

इंजिनरूममध्ये मी वर्षानुवर्षे शंभर डेसिबलच्या शेजारी झोपलो आहे. इंजिन चालू असताना कुणालाच जाग येत नाही. ते बंद पडले की मात्र सगळी बोट जागी होते. सतत चालणाऱ्या आवाजाला कान सरावतो, तुटक आवाजाला नाही. काकीचा वैरी तो घूं नव्हता, ते चौदा भक्क होते.

चौदा का? दादाने बॉयलर गरजेपेक्षा मोठा घेतला होता. विकणाऱ्याने ‘पुढे कारखाना वाढला तर’ असे सांगितले, आणि कोणता कारखानदार त्याला नाही म्हणेल? पूर्ण ताकदीने तो तासाला नऊ लिटर डिझेल जाळतो. दोन कुकरना एवढी वाफ लागतच नाही. त्यात प्रेशर स्विच लावलेला ६ आणि ६.५ किलोवर. दाब सहावर आला की पेटायचे, साडेसहावर गेला की विझायचे. अर्ध्या किलोच्या फटीत तो बिचारा चार-चार मिनिटांनी उठबस करत होता. हे आवाजाइतकेच डिझेललाही वाईट, कारण दर वेळी पेटण्याआधी ब्लोअर तापलेल्या भट्टीत गार हवा फुंकतो. दादाने माझे बोलणे या वाक्यापासून लक्ष देऊन ऐकायला सुरुवात केली.

उपाय म्हणून पहिली गोष्ट स्विच. कुकरला लागणारा दाब साडेचारच्या खालीच होता, म्हणून पेटायचा आकडा साडेचारवर आणला, विझायचा साडेसहावरच ठेवला. मंजूर दाबाच्या आतली ही सेटिंग, तरी कंपनीच्या माणसाला बोलावूनच केली. त्याच्याकडूनच नोझल बदलून घेतले. नोझलवर ताशी अमेरिकन गॅलनमध्ये आकडा असतो. दोनचे काढून १.३५ चे बसवले आणि त्या मानाने हवा कमी केली. ज्योत लहान झाली, तासाला सहा लिटरवर आली, तिचा घुमारा उतरला. पुढच्या पहाटे मी पुन्हा रेघा ओढल्या. चार आल्या.

दुसरी गोष्ट धुराडे. ते शेडच्या टोकाला असले तरी त्याचा एक पट्टा घराच्या भिंतीला पक्का ठोकलेला होता. बॉयलर चालू असताना मी काकीच्या खोलीतल्या भिंतीला कान लावला तर बारीक गुंजन लागत होते. मोबाइलला ते जवळजवळ दिसत नव्हते, आणि यात मोबाइलची चूक नाही. डेसिबल मोजण्याची जी सर्वसाधारण रीत आहे ती माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या सुरांना कमी भाव देते, ६३ हर्ट्झच्या सुरातून तर तब्बल २६ डेसिबल वजा करते. म्हणून मीटर ‘ठीक आहे’ म्हणतो आणि माणूस ‘छातीत घुमता’ म्हणतो, तेव्हा मी माणसाचे ऐकतो. पट्टा काढला, धुराड्याला स्वतःचा लोखंडी खांब दिला. बॉयलरखाली जाड रबराच्या पट्ट्या घातल्या. गुंजन गेले.

तिसरी गोष्ट वाफेचा फुस्स. इथे मी तोंडावर पडलो. हुशारी म्हणून मी कुकरची वाफ सोडणारी नळी पाण्याच्या पिंपात बुडवली. वाफ पाण्यात विरेल, आवाज गेला, पाणीही तापेल! पहिल्याच कुकरला पिंपात हातोडे बडवल्यासारखा आवाज झाला आणि सोलायला बसलेल्या बायका बाहेर पळाल्या. वाफेचे बुडबुडे गार पाण्यात एकदम मिटतात, पाणी त्या पोकळीत आदळते, त्याचा तो दणका. बोटीवर याच कारणाने फुटलेली नळी मी पाहिली आहे, तरी विसरलो. मग पिंप रिकामे केले, वर उघडेच ठेवले, आत नदीतले गोटे भरले आणि नळीच्या टोकाला बरीच भोके पाडून ती गोट्यांमध्ये रोवली. वाफ दगडांतून वाट काढत, दम तोडत वर येते. फुस्सचा फिस्स झाला. बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला मात्र मी बोटही लावले नाही आणि कुणी लावूही नये. त्याची वाफ अडता कामा नये. तो ओरडतो तेव्हा त्याला ओरडू द्यायचे.

ब्लोअरवर पेटी घालायचे ठरले होते. लाकडी, आतून रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, लावलेली, वळणाचा हवामार्ग असलेली. सुतार आला नाही. अजून आलेला नाही.

उरला माळा, आणि हा या प्रकरणातला सगळ्यांत अवघड भाग होता, कारण तिथे लागणारी वस्तू बाजारात मिळत नाही. वाटणीची भिंत आढ्यापर्यंत न्यायची तर ती कुणाच्या खर्चाने? आणि भिंत वर गेली की ती कायमची गेली. धाकटा म्हणाला, आवाज दादाचा, खर्च दादाचा. दादा म्हणाला, भिंत दोघांची. तीस वर्षांपूर्वी ज्या कारणाने ती अर्धी राहिली त्याच कारणाने ती पुन्हा अर्धी राहणार असे दिसू लागले. मी चिरे सुचवलेच नाहीत. दोन्ही बाजूंनी सिमेंटचे बोर्ड, मध्ये रॉकवूल, वाशांच्या आकारात कापून बसवलेले, आणि फटी चुना-रेतीने बुजवलेल्या. चिऱ्याइतके ते अडवत नाही, पण उघड्या वाटेला बंद करणे हेच अर्धे काम असते. भिंतीत एक टक्का जागा उघडी राहिली तर ती भिंत वीस डेसिबलपलीकडे काही अडवू शकत नाही, मग ती चिऱ्याची असो वा पोलादाची. खर्च निम्मा-निम्मा ठरला. तो कसा ठरला हे मला माहीत नाही. मी बोर्ड आणायला सावंतवाडीला गेलो होतो, परत आलो तेव्हा दोघे एकाच शिडीवर होते, एक वर आणि एक धरून.

पेटवायची वेळही पाचची सहा झाली. दादा कुरकुरला, पण दुपारी एक कुकर जास्त लावून काम निभते हे त्याच्या लक्षात आले.

मेमध्ये, काजूच्या हंगामात, मी पुन्हा काकीच्या खोलीत चटई टाकली. उकाडा होता. साडेपाचला ३७. सहाला बॉयलर पेटला, ४०. पेटला हे मला समजले ते मी वाट बघत होतो म्हणून. काकी झोपलेलीच होती. लाकडाचा बॉयलर यापेक्षा शांत असता का? पंख्याशिवायचा असता तर ज्योतीपुरता हो, गड्यासकट नाही. आणि धूर वेगळा. पांढऱ्या कोळशाचा विषय दादाने पुन्हा काढला, डिझेलच्या बिलाने त्याला धास्ती बसली आहे. त्याला सांगितले, घ्यायचाच तर आधी त्याला ब्लोअर आहे का ते बघ, आणि कांड्या पावसात ठेवणार कुठे तेही.

सव्वासहाला काकी उठून बसली. मी मोठ्या अभिमानाने विचारले, काय काकी, आता कसा वाटतो?

“बॉयलराचा काय नाय,” ती म्हणाली. “पण आता त्या पंपाचो आवाज येता. घों घों करता. तो कोणाचो ता बघ जरा.”

मी बाहेर आलो. विहिरीवरचा पाण्याचा पंप चालू होता. तिच्या खिडकीपासून सहा हातांवर, काँक्रीटवर थेट बोल्ट मारून बसवलेला. पंप धाकट्याचा होता.